गव्हाणीतली सुईण

करुणा,

तुझं नाव मिलिंदनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी मनातल्या मनात खूश झाले होते. म्हटलं, चला, मुलगी आपल्यातलीच दिसते. करुणा हे आमच्या बौद्धांच्या घराघरातलं नाव. माझी मावसबहीण करुणा, ऑफिसातली मैत्रीण करुणा. मग मिलिंदनं खाली बघत तुझं आडनाव सांगितलं आणि पुढं म्हणाला, "आई, ते लोक चर्चला जातात." मी गॅससमोर उभी होते. दूध उतू गेलं तरी मला कळलं नाही. लग्नानंतर तू ही गोष्ट माझ्याकडून कितीदा वदवून घेतलीस! दर वेळी शेवटी विचारायचीस, "मग दूध पुसलं कुणी?" आणि मी म्हणायचे, "तुझ्या नवऱ्यानं."

आता असं विचारणारं घरात कुणी नाही. म्हणून लिहायला बसले. नोकरीभर साहेबांची पत्रं टाइप केली, मनातलं कुणाला लिहायची वेळ कधी आली नाही. सुनेला लिहावं लागेल, आणि ते असं, हे कधी स्वप्नातही आलं नव्हतं.

लग्नानंतरचा तुझा पहिला डिसेंबर मला लख्ख आठवतो. तू तुर्भ्याच्या ऑफिसातून आलीस, पर्स ठेवलीस आणि पाहुण्यासारखं विचारलंस, "आई, हॉलचा एक कोपरा मिळेल का मला? थोडेच दिवस." मी विचारात पडले. सानपाड्यातलं आपलं घर ते केवढं! भिंतीवर बुद्धांचा फोटो. त्यांच्यासमोर ही मुलगी काय मांडणार? शिवाय घराचे हप्ते चालू होते, मिलिंदची नोकरी नवी होती. मी म्हटलं, "तो चपलांच्या रॅकचा कोपरा घे. पण उगाच खर्च करायचा नाही."

तू हसलीस. "आमच्या नगरच्या घरी नियमच आहे आई. नाताळला विकत एकच वस्तू आणायची. बाकी सगळं घरातलं."

मला वाटलं, हे बोलायला ठीक आहे. पण तू खरंच तसं केलंस. दिवाळी संपली की सोसायटीतले लोक आकाशकंदील कचऱ्यात टाकतात. तू वॉचमनला सांगून ते आधीच बाजूला काढून ठेवले होतेस. फाटका कागद सोललास, कामट्या मोकळ्या केल्यास, दोऱ्यानं आवळून बांधल्यास, आणि बघता बघता पाच टोकांचा तारा उभा राहिला. त्याला पतंगाचा पांढरा कागद, आत एक बल्ब. त्या वर्षी विकत आणलं ते एवढंच, पतंगाचा कागद. झाड म्हणजे पावसाआधी छाटलेल्या गुलमोहराची एक वाळकी फांदी. ती तू कधीची गच्चीत नेऊन ठेवली होतीस. तिला चुना फासलास आणि लोणच्याच्या जुन्या बरणीत वाळू भरून उभी केलीस. माझ्या शिलाई मशीनच्या रिकाम्या रिळांना चॉकलेटची चांदी गुंडाळून तिच्यावर टांगलीस. आणि मग जरा घाबरतच माझ्याकडे आलीस. "आई, तुमच्या कपाटातल्या त्या बांगड्या..."

मिलिंदचे बाबा गेल्यावर काढून ठेवलेल्या माझ्या हिरव्या काचेच्या बांगड्या. त्या फेकवतही नव्हत्या आणि हातात घालाव्याशाही वाटत नव्हत्या. मी डबा तुझ्या हातात दिला. तू एकेक बांगडी दोऱ्यानं फांदीला बांधलीस. पंखा लावला की त्या एकमेकींवर हलक्या वाजायच्या. तो आवाज ऐकून मला काय झालं ते मी तुला सांगितलं नाही. पण तुला कळलं असावं. भर डिसेंबरात तू तो पंखा बंद केला नाहीस. स्वतः शाल घेऊन बसलीस.

आपली खरी ओळख मात्र गोठ्यावरून झाली. बुटांच्या खोक्याला तपकिरी रंग देऊन तू काहीतरी करत बसली होतीस. मी चहाचा कप घेऊन बघत होते.

"हे काय करायलीस?"

"गव्हाण, आई. येशूचा जन्म गोठ्यात झाला ना. बाळाला गव्हाणीत निजवलं होतं."

तुझी ती गव्हाण म्हणजे चार पायांचं स्वच्छ टेबल. मला हसू आवरेना. "पोरी, तू गोठा बघितलायस का कधी?"

"कॅलेंडरवर," तू म्हणालीस.

मी कप ठेवला आणि दुखऱ्या गुडघ्यांनी खाली बसले. परभणीकडच्या खेड्यात माझं लहानपण दुसऱ्यांच्या गोठ्यात शेण काढण्यात गेलेलं. तुला सांगत गेले. गव्हाण भिंतीलगत असते, मातीची. जनावरांच्या माना घासून तिची कड गुळगुळीत होते. खुंटा पाहिजे, दावं पाहिजे, खालच्या जमिनीला उतार पाहिजे. आणि कोपऱ्यात शेणाची पाटी.

"शेण? आई, येशूबाळाजवळ?"

"मग? बैलांना काय सांगणार, आज जरा दम धरा म्हणून?"

तू इतकी हसलीस की ठसका लागला. त्या संध्याकाळी आपण दोघींनी मिळून गोठा केला. पोळ्याला मी अजूनही सवयीनं मातीचे बैल करते, ते त्यात बांधले. माणसं दिवाळीच्या किल्ल्यावरची. दुकानदारानं उरलेली मातीची चित्रं बाहेर काढून ठेवली होती, ती तू मागून आणलीस. तीन मावळ्यांच्या तलवारी हळूच मोडल्यास, त्यांच्या अंगावर नवा रंग चढवलास आणि पूर्वेकडून ताऱ्याच्या मागं आलेले तीन ज्ञानी पुरुष तयार केलेस. एका गवळणीची घागर खरवडून काढलीस आणि तिला निळा पदर दिलास. ती झाली मरिया, बाळाची आई.

दुसरी एक गवळण उरली. मी ती उचलली आणि मरियेच्या पायाशी ठेवली.

"ही कोण?" तू विचारलंस.

"सुईण."

"आई, तिथं सुईण नव्हती."

"कशावरून?"

"बायबलमध्ये लिहिलेलं नाही."

"लिहिणारा पुरुष असेल," मी म्हटलं. "परकं गाव, पहिलटकरीण बाई, रात्रीची वेळ. नाळ कुणी कापली? बाळाला कुणी धुतलं? तिच्या त्या सुतार नवऱ्यानं?"

"आई, ते देवाचं बाळ होतं."

"असू दे की. नाळ होतीच ना त्याला?"

पण तू माझ्याहून हट्टी. सकाळी उठून बघते तर गवळण गोठ्याच्या बाहेर, कापसाच्या मेंढ्यांजवळ. तू तिची मेंढपाळीण केली होतीस. मी तिला परत आत ठेवलं. तू ऑफिसातून आल्यावर ती परत बाहेर. तोंडानं कुणी एक शब्द काढला नाही. दर वर्षी हेच. मिलिंद वैतागायचा, "ह्या बाईचं एकदा काय ते ठरवा रे!" मागच्या वर्षी तर तू तिला चक्क गोठ्याच्या उंबऱ्यावर उभी केलीस. धड आत नाही, धड बाहेर नाही. मी कमरेवर हात ठेवून विचारलं, "हा कुठला न्याय?" तू म्हणालीस, "पुढच्या वर्षी बघू आई. मला अजून पटलेलं नाही."

पुढच्या वर्षी!

यंदाही दिवाळी झाल्याबरोबर तू कंदील गोळा केलेस, कामट्या सोडवून बाल्कनीत वाळत टाकल्यास. त्याच आठवड्यात तुला ताप आला. साधा ताप म्हणून आपण सगळ्यांनीच सोडून दिलं, तूसुद्धा. मग अंगावर लाल पुरळ आलं, रक्तातल्या पेशी उतरायला लागल्या, दवाखान्यात हलवलं. मिलिंद रक्तासाठी वणवण फिरत होता. डॉक्टर आणि नर्स तुझ्यासाठी झटले, त्यांना बोल लावायला जागा नाही. कधी कधी वाटतं, जागा असती तर बरं झालं असतं. कुणावर तरी ओरडता आलं असतं.

मला थोडा वेळ आत सोडलं होतं. मी तुझा हात धरला. तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "आई, कामट्या आत घेतल्या का? दव पडतं."

मी म्हटलं, "घेतल्या." घेतल्या नव्हत्या. कामट्यांची कुणाला शुद्ध होती? आपलं शेवटचं बोलणं ते. मी मनात किती काय काय जुळवून गेले होते, आणि बोललो काय, तर कामट्या.

तुझ्या आईनं मिलिंदला विचारलं, "तिला आमच्या पद्धतीनं माती देऊ का?" त्यानं मान हलवली. मी त्याआधी मोठ्या माणसाला पुरताना कधी पाहिलं नव्हतं. आग दिली की धूर वर जाताना दिसतो, माणूस कुठंतरी गेलं अशी मनाची समजूत घालता येते. पण मातीत ठेवलेलं माणूस तिथंच राहतं. सगळ्यांनी टाकली तशी मीही मूठभर माती टाकली. लाकडावर तिचा आवाज झाला आणि माझ्या मनात एकदम आलं, हिला अंधारात झोप येत नाही. हिला पॅसेजचा दिवा लागतो. मी मागं वळून मिलिंदला ते सांगणार होते. त्याचा चेहरा बघितला आणि गप्प बसले.

त्यानंतर मिलिंद बोलेनासा झाला. तळोज्याला शिफ्टला जायचा, यायचा, ताटात वाढलेलं खायचा. मी विचारलं तर "हो", "नाही", "बघू". मी बाल्कनीतल्या कामट्या घरात आणल्या, तर त्यानं त्या उचलून पलंगाखाली सारल्या. तू होतीस तेव्हा माझं त्याला आणि त्याचं मला तूच सांगायचीस. "आई म्हणतायत तुमचा शर्ट उसवलाय." "हे म्हणतायत आज भाकरी नको." आम्हा मायलेकांचं एवढं सगळं बोलणं तुझ्या तोंडून होत होतं, हे तू गेल्यावर कळलं.

डिसेंबर लागला. तुमच्या चर्चच्या ग्लोरीताईंचा फोन आला. त्यांची गाणारी मंडळी दर नाताळात घरोघर जातात, आपल्याकडेही येतात. तू त्यांच्यातच गायचीस, आणि आपलं घर आलं की गाणं सोडून चहा टाकायला पळायचीस. ग्लोरीताई चाचरत म्हणाल्या, "सुमनताई, यंदा यायचं का नको? तुम्ही सांगाल तसं."

मिलिंद समोर जेवत होता. त्यानं हातानंच नको म्हटलं. मी फोनवर म्हटलं, "या."

त्यानं ताट सरकवलं. "कशासाठी आई? ज्या माणसाचा सण होता ते माणूसच नाही. तू बौद्ध. मी तर धड कुणीच नाही. नाटक कुणासाठी करायचं?"

"ती माणसं येणार. तो कोपरा रिकामा दिसेल."

"दिसू दे ना. रिकामाच आहे."

त्याचं काही चुकत नव्हतं. मलाही ठामपणे सांगता येईना की मी 'या' का म्हटलं. दुपारी तुझ्या आईला नगरला फोन लावला. त्या खूप वेळ नुसत्या रडल्या. मग म्हणाल्या, "विहीणबाई, ज्या घरातलं माणूस गेलं, आमच्या गल्लीत गाणारे आधी त्या घरी जायचे. करा तुम्ही. तिच्यासारखं नाही झालं तरी चालतंय."

तिच्यासारखं कसं होणार होतं? पलंगाखालून कामट्या ओढल्या, त्यातली एक मोडली. दोरा बांधायला गेले तर बोटं वळेनात. तारा झाला, पण त्याचा एक हात आखूड. भिंतीला टेकवला की कलायचा. मला तुझा राग आला, खरंच आला. मी मोठ्यानं म्हटलं, "कुठं धरायचं आणि कुठं आवळायचं, एवढं तरी दाखवून जायचं होतंस!" मग एकटीच तिथं जमिनीवर बसून राहिले. फांदीला चुना लावला. बांगड्या बांधल्या, एक हातातून सुटली आणि फुटली. गोठा मात्र जमला. खुंटा, दावं, बैल, तीन ज्ञानी, मरिया, योसेफ, बाळ. सगळं जिथल्या तिथं.

खोक्यात ती गवळण राहिली. मी तिला हातात घेतलं, कागदात गुंडाळलं आणि परत खोक्यात ठेवलं. तू नसताना मला जिंकायचं नव्हतं.

रविवारी मिलिंद पाणी प्यायला हॉलमध्ये आला. गोठ्याकडे बघत उभा राहिला. म्हणाला, "आई, तुझी सुईण कुठाय?"

कितीतरी दिवसांनी तो आपणहून काही बोलला होता.

"नाही ठेवली."

"का? आता तर तिला कुणी बाहेर काढणार नाही."

बोलून गेला आणि त्याचं त्यालाच लागलं. तो खाली बसला. मी त्याच्याशेजारी बसले. आणि जे तुला सांगायचं होतं ते त्याला सांगितलं.

माझी आई सुईण होती, करुणा.

गावातल्या सगळ्या घरांमधली बाळंतपणं तिच्या हातची. मोठ्या घरातली बाई अडली की माणूस आमच्या वस्तीत पळत यायचा. आईला मागच्या दारानं न्यायचे. बाळंतिणीची खोली म्हणजे गोठ्यालगतचा एक अंधारा खण. मी कंदील धरून आईबरोबर जायचे आणि गोठ्यात बैलांजवळ बसून राहायचे. तुला तो गोठा मला इतका बारकाईनं सांगता आला तो त्यामुळं. आई नाळ कापायची, बाळाला पालथं धरून रडवायची, धुवायची, वार पुरायची. मग तिला लांबूनच पायलीभर जोंधळे आणि एखादं जुनं लुगडं टाकायचे आणि तिच्या पाठोपाठ घरात गोमूत्र शिंपडायचे. बारशाला आम्ही कुंपणाबाहेर उभ्या. ज्या बाळाला या जगात पहिला हात माझ्या आईचा लागला, त्याच्या पाळण्याला तिनं शिवायचं नाही. त्या घरात बाळाची आई, बाळाचा बाप, आत्या, मामा, सगळ्यांची नावं घेतली जायची. तिचं कधी कुणी घेतलं नाही.

मी शिकले, टायपिंग केलं, मुंबईला आले. आई काय करायची असं कुणी विचारलं तर सांगायचे, शेतमजुरी. तेही खरंच होतं. लाज वाटायची असं नाही. पण तिचं नाव काढलं की तो कुंपणाबाहेरचा उन्हाचा चटका परत लागायचा, म्हणून काढत नव्हते.

तुला का नाही सांगितलं, सांगू? सांगितलं असतं तर तू तिथल्या तिथं रडली असतीस आणि त्या गवळणीला उचलून आत ठेवलं असतंस. कायमचं. मग आपलं भांडणच संपलं असतं. मला ते भांडण हवं होतं गं. सकाळी उठून हॉलमध्ये जायचं आणि तू तिला कुठं ठेवलंयस ते बघायचं, यात माझा अख्खा डिसेंबर जायचा. दर वर्षी वाटायचं, पुढच्या खेपेला सांगू. तू तिशीतली. मला वाटलं, घाई काय आहे!

मिलिंदनं विचारलं, "आजीचं नाव काय होतं?"

"गयाबाई."

त्यानं ते नाव एकदा हळूच म्हणून बघितलं. आणि दवाखान्यात न रडलेला, दफनभूमीत न रडलेला माझा मुलगा दोन्ही हातांत तोंड झाकून लहान पोरासारखा रडायला लागला. मध्येच म्हणाला, "तिला सांगायला पाहिजे होतंस आई. तिला खूप आवडलं असतं." मी म्हटलं, "हो रे." दुसरं काय म्हणणार? बऱ्याच वेळानं त्यानं नाक पुसलं, उठून तो वाकडा तारा खाली काढला आणि मांडीवर घेतला. "मधली गाठ आधी मारायची असते," तो म्हणाला, "मग हात. ती तसं करायची." आखूड कामटी काढून त्यानं दुसरी घातली. मी दोरा धरला.

गवळण खोक्यातच राहिली. त्यानंही ती काढायचं नाव घेतलं नाही.

दिवेलागणीला गाणारी मंडळी आली. दाराबाहेर चपलांचा ढीग झाला. हॉलमध्ये जेमतेम मावली सगळी. तीच गाणी गायली, जी तू भांडी घासताना गुणगुणायचीस. मला शब्द येत होते हे मला त्या दिवशी कळलं. मिलिंद स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभा होता. प्रार्थना झाल्यावर ग्लोरीताईंनी त्याला विचारलं, "मिलिंदभाऊ, तुम्ही काही बोलाल?"

तो म्हणाला, "मला प्रार्थना येत नाही." मग हाताची घडी सोडली. "एवढंच सांगतो, की तिला वरचा सूर कधी लागायचा नाही. आणि तरी ती सगळ्यांत मोठ्यानं गायची."

सगळे हसले. हसता हसता ग्लोरीताईंनी पदर डोळ्यांना लावला, आणि मग एकेकजण रडायला लागला. चहा मीच केला. साखर कमी पडली होती बहुतेक. पण कुणी तसं म्हटलं नाही.

त्यालाही आता दिवस झाले. नवं वर्ष लागलं. समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्यांमधले तारे उतरले, लाइटच्या माळा गेल्या. आपला कोपरा तसाच आहे. तू हे सगळं कधी आवरायचीस ते मी कधी बघितलं नाही. एखाद्या दिवशी मी बाहेरून यायचे तर कोपरा झाडून स्वच्छ असायचा, रॅक जागेवर. तुझ्या आईला विचारलं, तर त्या म्हणाल्या, "लहानपणी ते काढताना ती फार रडायची. म्हणून ती शाळेत गेली की मीच काढून ठेवायचे. पुढं तुमच्याकडं ती कसं करायची, मला काय माहीत."

आज सकाळी मिलिंदची सुट्टी होती. मी मेथी निवडत बसले होते. तो हॉलमधून आला आणि म्हणाला, "आई, ते सगळं कधी काढायचं असतं?"

मी मान वर न करता म्हटलं, "थांब जरा, करुणा आली की विचारते."

माझे हात तिथंच थांबले. मिलिंद माझ्यासमोर येऊन खाली बसला, जुडीतली अर्धी मेथी आपल्याकडे ओढून घेतली आणि पानं खुडायला लागला.